बेहड्याचं बी उंदरांनी नेलं, मग जंगल येणार कसं?

प्रश्न कोकणातल्या संगमेश्वर तालुक्यातून आला आहे. घरची उताराची मालकी जमीन, कधीकाळी कोळशासाठी तोडलेली, आता रान म्हणून सोडून दिलेली. विचारणाऱ्यांनी फेब्रुवारीत तिथे बेहडा, हिरडा आणि बिब्ब्याच्या बिया फेकल्या, काही मातीत वळून बीजगोळे करून टाकले. जूनपर्यंत बहुतेक बिया गायब झाल्या, मागे उरली ती फोडलेली टरफलं. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: उंदीर आणि खारी जंगल वाढवतात असं म्हणतात ते खरं का, खरं असेल तर माझ्या बिया का गेल्या, आणि यंदा आधी विष ठेवून मग पेरू का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. विष ठेवू नका. कारणं पुढे येतील. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे: उंदीर बी खातोही आणि पेरतोही, आणि यातलं काय जास्त घडेल हे उंदराच्या स्वभावावर कमी, तुम्ही बी कधी, कुठे आणि कसं टाकता यावर जास्त अवलंबून असतं. तुम्ही फेब्रुवारीत बी उघड्यावर टाकलंत, म्हणजे पावसाआधीचे चार कोरडे महिने ते उंदरांच्या पुढ्यात ठेवलंत. तुमच्या जागी मी असतो तर उंदरांवर नव्हे, तारखेवर रागावलो असतो.

आता जरा सविस्तर.

‘उंदीर’ म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. भातखाचराच्या बांधात बिळं करणारा उंदीर लोंब्या ओढून खोल बिळात कोठार भरतो. त्याच्या कोठारात गेलेलं बी संपलं असं समजा, कारण इतक्या खोलातून कोंब वर येत नाही. शेकरू फांदीवर बसून फळ सोलतं, गर खातं, बी फोडतं, आणि झाडाखाली टरफलांचा सडा पडतो. साळिंदर बी सापडेल तिथेच चावून मोकळा होतो. आणि चिचुंद्रीला उगाच मध्ये ओढू नका, ती कुरतडणाऱ्या प्राण्यांतली नाहीच. तिचं खाणं मुख्यतः किडे आणि अळ्या.

राहिले रानातले उंदीर आणि चान्या, म्हणजे छोट्या पट्टेवाल्या खारी. सह्याद्रीच्या रानात झाडावर राहणारा, पांढऱ्या पोटाचा एक उंदीर आहे. १९१८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हिंटन यांनी त्याचं वर्णन केलं आणि साताऱ्यावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं, रॅटस सताराई. असे प्राणी गावात येऊन धान्य खात नाहीत, त्यामुळे लोकांना दिसतही नाहीत, आणि विष ठेवलं की पहिला बळी बऱ्याचदा यांचाच जातो. बी पेरण्याचं काम होत असेल तर ते या रानउंदरांच्या आणि खारींच्या गटात.

ते काम घडतं असं. प्राण्याला एका रात्रीत खाऊन संपणार नाही इतकं बी मिळालं की तो ते लपवतो. लपवण्याच्या दोन रीती आहेत. एक कोठाराची, जी आपण वर पाहिली. दुसरी विखरून ठेवण्याची: एक बी इथे, एक तिथे, पाल्याखाली किंवा मातीत बोटभर आत. एकाच जागी सगळं ठेवलं तर दुसऱ्याने लुटलं की सगळंच गेलं, म्हणून ही वाटणी. झाडाच्या दृष्टीने बोटभर खोलीवर, पाल्याखाली, आईच्या सावलीपासून लांब एकटं पुरलेलं बी म्हणजे माळ्याने केलेली पेरणीच. उघड्यावर ते उन्हात सुकलं असतं, वणव्यात भाजलं असतं, किड्याने पोखरलं असतं.

आपल्या देशात याचं चांगलं मोजमाप ईशान्य भारतातल्या जंगलात झालं आहे. स्वाती सिद्धू आणि अपराजिता दत्ता या संशोधकांनी दहा जातींच्या झाडांच्या १०,७७७ बियांना खुणा बांधून त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. जागेवरच खाल्लेल्या बिया सुमारे १० टक्के, उचलून नेलेल्या ४४ टक्क्यांहून थोड्या जास्त. लपवलेल्या ३०९ जागा सापडल्या, त्यातल्या ७९ टक्के जागी एकच बी होतं. पहिल्या लपणीतच रुजलेलं बी साधारण १२ टक्के. ४० टक्क्यांहून अधिक बिया तिथून उचलून पुन्हा दुसरीकडे पुरल्या गेल्या. साळिंदरांनी मात्र पेरलं काहीच नाही, जागेवर खाल्लं. (मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बिळात राहणारा एक मोठा रातकिडाही बिया जमिनीखाली नेताना सापडला.)

या आकड्यांत दोन गोष्टी नीट बघा. एक, अंतर. बी जास्तीत जास्त १९ मीटर गेलं. म्हणजे उंदीर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जंगल नेत नाही; तो झाडाच्या घेराबाहेर बी काढतो, बस्स. पनामात अगुटी नावाच्या मोठ्या कुरतडणाऱ्या प्राण्याने एक बी ३६ वेळा पुरून-उकरून ७४९ मीटर फिरवल्याची नोंद २०१२ मध्ये झाली, पण आपल्याकडे अगुटी नाही, तेव्हा ती अपेक्षा कोकणातल्या रानउंदराकडून ठेवू नका. दुसरी गोष्ट, बियांचा आकार. मोठं बी हमखास उचललं जातं असं सरसकट म्हटलं जातं. तिथे उलट दिसलं: बी जसं मोठं, तसं नेण्याचं प्रमाण कमी. लहान जबड्याच्या प्राण्याला पेलेल तेवढंच तो नेणार.

आणि ‘उंदीर बी विसरतो म्हणून झाड येतं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं आहे, ते अर्धंच खरं आहे. हे प्राणी आपली लपण चांगली लक्षात ठेवतात, नाकही तीक्ष्ण असतं. बी वाचतं ते बऱ्याचदा मालक परत येत नाही म्हणून. त्याला पिंगळ्याने उचललं, धामणीने गिळलं, वाघाटीने, म्हणजे छोट्या रानमांजराने, मारलं. किंवा त्या वर्षी बी इतकं झालं की सगळं उकरण्याची गरजच पडली नाही. म्हणून मी सांगत असतो की ज्या रानात घुबड, साप आणि रानमांजर आहे, तिथेच उंदराची पेरणी उगवते. उंदराला खाणारे काढून टाकलेत तर पेरणारा तोच राहतो, पण पेरलेलं सगळं तो स्वतःच खाऊन टाकतो.

जास्त बियांच्या वर्षाचं महत्त्व कोकणात समजावून सांगायला लागत नाही, आंबा एक वर्ष आड धरतो हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. रानातल्या बऱ्याच झाडांचंही तसंच, एखादं वर्ष भरभरून, पुढची दोन रिकामी. कारवी तर सात-आठ वर्षं थांबून डोंगर एकाच वेळी फुलवते. रिकाम्या वर्षांत खाणाऱ्यांची संख्या कमी राहते, भरल्या वर्षी त्यांना सगळं खाणं जमत नाही आणि बी उरतं. याची दुसरी बाजूही आहे: मिझोराममध्ये बांबू फुलला की उंदीर बेसुमार वाढतात, बी संपलं की शेतात घुसतात, आणि १९५९ च्या सुमाराला तिथे त्यातून दुष्काळ पडला. आपल्याकडचा माणगा सहसा बी धरतच नाही, म्हणून त्याची चिंता नाही. कळक मात्र फुलतो, आणि फुलला की आसपासच्या भातशेतीने सावध राहावं.

आता कोकणाची स्वतःची गोष्ट. परदेशातली बरीच माहिती ओक आणि पाइनच्या रानांतली आहे. तिथे बी शरद ऋतूत पडतं, हिवाळाभर मातीत राहतं, वसंतात रुजतं. आपल्याकडे बियांचे दोन वेगळे कळप आहेत आणि त्यांचा उंदराशी संबंधही वेगळा आहे.

जांभूळ, आंबा, फणस, रातांबा यांचं बी वळवाच्या आणि पहिल्या पावसाच्या आसपास पडतं. ते वाळवून ठेवता येत नाही, वाळलं की मेलं. पण ओल मिळताच थोड्या दिवसांत रुजतं. अशा बीला उंदराची लपण फारशी लागत नाही, त्याचा धोक्याचा काळच लहान. त्याला लागतो तो झाडापासून लांब नेणारा कोणीतरी: वानर, कांडेचोर (उदमांजर), वटवाघूळ, धनेश. उंदीर इथे नंतर येतो, आणि आला की बहुतेक नुकसानच करतो. रुजलेल्या आंब्याच्या किंवा फणसाच्या रोपाखालचं दळदार बी तो कुरतडतो, रोप पिवळं पडतं आणि आपण पाण्याला दोष देतो.

दुसरा कळप बेहडा, हिरडा, बिब्बा यांचा. फळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पडतं, कवच टणक, बी कोरडं टिकतं, आणि रुजायला जूनच उजाडावा लागतो. हे मधले महिने बी उघडं पडून असतं. इथे पुरलं गेलेलं बी आणि न पुरलेलं बी यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमच्या तिन्ही जाती याच कळपातल्या.

बेहड्याकडे जरा जवळून बघू. फळाचा गर पातळ, पण भेकर आणि सांबर तो आवडीने खातात. रवंथ करायला बसले की आतली बी तोंडातून टाकून देतात. म्हणून रानात भेकराच्या बसण्याच्या जागी, आसपास बेहड्याचं झाड नसताना, स्वच्छ बियांचा छोटा ढीग सापडतो. पहिला पल्ला भेकराने मारला, मग त्या ढिगातून एक-एक बी उंदीर नेतो. हा दुसरा हात आहे, पहिला नव्हे. भेकर शिकारीत संपलं, कांडेचोर मारला गेला, धनेशाची ढोलीची झाडं तोडली गेली, तर सगळं बी आईच्या पायाशीच पडतं. आणि तिथे एकाच जागी इतकं बी असल्यावर उंदीर, साळिंदर, भुंगेरे सगळे तिथेच जमतात. झाडापासून दूर गेलेल्या बीची जगण्याची शक्यता वाढते ती यामुळेच, हे शास्त्रज्ञ जान्झेन यांनी १९७० मध्ये आणि कॉनेल यांनी १९७१ मध्ये वेगवेगळं मांडलं, आणि आजही जंगल समजून घ्यायला तो विचार लागतो.

ऐन आणि किंजळीची काळजी या संदर्भात करू नका. त्यांचं बी पंखवालं, वाऱ्याने जाणारं, आणि तोडलेल्या खोडाला फुटवेही येतात. तुमच्या जमिनीत जे आपोआप उभं राहिलं असेल ते याच दोघांचं असण्याची शक्यता मोठी. म्हणूनच कोकणातली तोडलेली मालकी रानं परत हिरवी दिसतात पण जाती दोन-चारच राहतात. मोठ्या बियांची झाडं, जी देवराईत अजून उभी आहेत, ती बाहेर येत नाहीत. तुम्ही नेमकी तीच आणायला निघाला आहात, हे मोलाचं काम आहे आणि पहिल्या वर्षीच्या अपयशाने ते सोडू नये.

आता तुमच्या टरफलांकडे या. ‘उंदरांनी खाल्लं’ म्हणण्याआधी मूठभर टरफलं उजेडात घेऊन बघा. उंदराने कुरतडलेल्या भोकाची कड खडबडीत असते, नखाने चाचपलं तर दातांच्या बारीक समांतर रेघा लागतात. साळिंदराच्या रेघा रुंद आणि खोल असतात, आणि कवचाचे मोठे तुकडे इतस्ततः पडलेले असतात. कडेला एकही रेघ नसलेलं, सुईने टोचल्यासारखं गोल गुळगुळीत भोक असेल तर ते भुंगेऱ्याचं, आणि ती अळी बऱ्याचदा बी जमिनीवर पडण्याआधीच आत शिरलेली असते. हापूसच्या कोयीतला भुंगा तुम्ही पाहिला असेल, तसंच. असं बी पाण्यात टाकलं तर बहुधा तरंगतं. पेरण्याआधी ही पाण्याची परीक्षा केली नसेल तर तुमच्यातलं बरंचसं बी आधीच पोकळ होतं, उंदराने फक्त पोकळ घर फोडलं.

बीजगोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लहान बियांसाठी, मोकळ्या जागेत, पाऊस सुरू झाल्यावर ते कधी चालतात. बेहड्यासारख्या मोठ्या बीसाठी मातीचं आवरण म्हणजे उंदराला सोपं आणि आपल्याला दमवणारं काम. वास लपत नाही.

यंदा असं करा. फळं आत्ताच गोळा करा पण गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून घरी ठेवा, उंदीर पोचणार नाही अशा डब्यात. मृग लागल्यावर, दोन-चार चांगल्या सरी पडून जमीन मुरली की पेरा. पेरण्याआधी बेहडा रात्रंदिवस भिजत घाला आणि तरंगणारं फेकून द्या. ओल्या मातीत पुरलेल्या बीचा वास उंदराला जास्त येतो, हे प्रयोगांनी दिसलेलं आहे, म्हणून पेरणी आणि रुजणं यातला काळ जितका कमी तितकं बरं. बी एकेकटं, त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, वर पाला. सरळ ओळीत टोबू नका. एक सापडलं की उंदीर तीच ओळ धरून पुढे जातो. हाताला घाम आणि खाण्याचा वास असतो, तेव्हा हातमोजे घाला. बिब्बा हाताळतानाही ते लागतीलच, तो अंगावर उततो. हिरड्याचं उगवणं फार सावकाश असतं, तो थेट पेरायच्या फंदात पडू नका, पिशवीत रोप करून दुसऱ्या पावसाळ्यात लावा.

जागा निवडताना करवंदीच्या जाळ्या बघा, पण जाळीच्या आत पेरू नका. दाट जाळीत घुबडाची नजर पोचत नाही, म्हणून उंदीर तिथे निर्धास्त खातो आणि बी सगळ्यात जास्त तिथेच जातं. जाळीच्या कडेला, जिथे थोडी सावली आहे आणि गुरं तोंड घालत नाहीत, ती पट्टी चांगली. अगदी उघड्यावर पेरावंच लागलं तर वर करवंदीच्या किंवा बोरीच्या चार काटेरी फांद्या टाका. आंबा, जांभूळ, रातांबा, फणस यांचं बी मात्र खाल्ल्यावर आठवड्याच्या आत मातीत गेलं पाहिजे. मुठेलासाठी, म्हणजे कोकमाच्या तुपासाठी, रातांब्याचं बी वाळवता त्यातलं पेरणीला काढू नका.

उतारावर मध्ये मध्ये उंच सुक्या फांद्या रोवा. दिवसा पक्षी बसतील आणि विष्ठेतून वड-उंबराचं, जांभळाचं बी आणतील, रात्री पिंगळा बसेल. जुनं पोकळ झाड वाळलं म्हणून तोडू नका. आणि वणवा थांबवा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, शेजारच्या जमिनीत लावलेली आग वर चढली तर उंदराने वर्षभरात केलेलं आणि तुम्ही केलेलं, दोन्ही एका दुपारी जातं. हद्दीवर आग अडवणारा जाळपट्टा काढायचं काम फेब्रुवारीत करा. ते बी टाकण्यापेक्षा त्या महिन्यात जास्त उपयोगाचं आहे.

विषाबद्दल राहिलेलं सांगतो. झिंक फॉस्फाइडच्या आमिषाला कोणीही तोंड लावतं: चानी, तितर, कोंबडी, कुत्रा. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर सुस्त होऊन दिवसाढवळ्या फिरतो, आणि घुबड, रानमांजर, कांडेचोर त्यालाच आधी उचलतात. विष त्यांच्या अंगात जातं. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, घुबडाला वर्ष लागतं. म्हणजे पुढच्या हंगामात उंदीर परत आलेले असतात आणि त्यांना खाणारे आलेले नसतात. शिवाय शेकरू आणि साळिंदर या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आमिष त्यांना वेगळं ओळखत नाही. घरात, कणगीत किंवा माडाच्या बागेत उंदीर झाला तर सापळा, खोडाला पत्रा, स्वच्छता हे उपाय करा. तो वेगळा प्रश्न आहे आणि तिथे उंदराची गय करा असं मी म्हणत नाही. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, पावसाळ्यात कोकणात उंदरांमुळे पसरणारा लेप्टोचा ताप असतो. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापही आहे, तिकडे रानात शिरताना गोचिडीपासून अंग झाका.

तुमच्याच जमिनीत खरा दोषी कोण हे शोधायचं असेल तर फार खर्च नाही. एकाच उतारावर जवळजवळ तीन चौकोन आखा आणि प्रत्येकात मोजून सारखंच, पाण्यात बुडालेलं बी पुरा. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्यावर तीन इंची भोकांची मजबूत जाळी चारही बाजूंनी आणि वरून लावा, म्हणजे उंदीर आत जाईल पण साळिंदर, डुक्कर, कोंबडी जाणार नाही. तिसऱ्यावर पाव इंची जाळी, जी जमिनीत वीतभर खाली गाडलेली असेल, म्हणजे उंदराचं पिल्लूही आत येणार नाही. ऑगस्टअखेर रोपं मोजा. फक्त तिसऱ्यात उगवलं तर उंदीर हाच अडथळा आहे, आणि पुढच्या वर्षी रोपं करून लावणं किंवा प्रत्येक बीवर जाळीची टोपी घालणं परवडेल. दुसऱ्या आणि तिसऱ्यात सारखं उगवलं तर ते साळिंदराचं किंवा डुकराचं काम, काटेरी कुंपणावर भागेल. आणि तिन्हीत सारखंच कमी उगवलं तर उंदीर-साळिंदर सोडून द्या; बी जुनं आहे किंवा जांभ्यावर माती पुरेशी नाही, आणि मग बी बदला किंवा चौकोन उतारावर आणखी खाली, माती साठते तिथे हलवा.